लुईने वाजवलेला हँडी

१९५४ च्या उन्हाळ्यात जॅझचा ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगकडे पैसा होता, नाव होतं, देशोदेशीची बोलावणी होती. नव्हता तो फक्त तालमीला वेळ. वर्षातले बहुतेक दिवस तो बसमध्ये नाहीतर स्टेजवर असायचा. त्याचा व्यवस्थापक जो ग्लेझर तारखा लावत जायचा आणि लुई वाजवत जायचा. या धबडग्यातून जुलैच्या १२, १३ आणि १४ या तारखा शिकागोत मोकळ्या करून घेऊन कोलंबिया कंपनीच्या जॉर्ज अवाकियनने एक लाँगप्ले रेकॉर्ड केली. तिचं नाव ‘लुई आर्मस्ट्राँग प्लेज डब्ल्यू. सी. हँडी’. तिच्यात अकरा गाणी आहेत आणि सगळी एकाच माणसाच्या नावावर छापलेली. त्यातली बरीचशी तोवर तीस-चाळीस वर्षांची जुनी झाली होती.

जॅझवाले अशा गाण्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात. आपल्याकडच्या बंदिशीसारखंच हे. चीज सगळ्यांना पाठ असते, श्रोत्यांनाही असते. प्रश्न एवढाच की आज ही मंडळी तिचं काय करणार. हँडीच्या गाण्यांत मात्र आणखी एक गुंता आहे. ती ‘एकाच माणसाच्या नावावर छापलेली’ आहेत खरी, पण ती त्या एकाच माणसाची आहेत का, यावर अमेरिकेत वर्षानुवर्षं वाद चालला होता.

विल्यम क्रिस्टोफर हँडी १८७३ साली अलाबामातल्या फ्लॉरेन्स गावी लाकडी ओंडक्यांच्या घरात जन्मला. बाप चर्चमधला उपदेशक. मुलाने पैसे साठवून गिटार घेतली, तर बापाच्या लेखी ते सैतानाचं वाद्य. परत दुकानात पाठवून त्या बदल्यात शब्दकोश आणायला लावला. पोराने पुढे गुपचूप कॉर्नेट मिळवलं. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचं आखूड, गोलाईदार भावंड. लुईचंही पहिलं वाद्य तेच. हँडी स्वरलेखन शिकलेला, बँड चालवणारा, कागद बघून वाजवणारा माणूस झाला. आसपासचे मजूर जे गायचे ते त्याच्या कानावर लहानपणापासून होतं, पण ते ‘संगीत’ आहे असं त्याला बरीच वर्षं वाटलं नाही.

१९०३ च्या सुमारास टटवाइलर नावाच्या आडस्टेशनवर तो उशीर झालेल्या गाडीची वाट बघत बसला होता. शेजारी फाटक्या कपड्यांतला एक काळा माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून सूर ओढत होता आणि दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या ठिकाणाबद्दल एकच ओळ पुन्हा पुन्हा गात होता. हँडीने ही हकिकत आत्मचरित्रात लिहिली आणि तेव्हापासून ब्लूजवरचं, म्हणजे काळ्या मजुरांच्या या गाण्यावरचं, प्रत्येक पुस्तक ती सांगतं. मला तिच्याहून त्याच पुस्तकातली दुसरी हकिकत महत्त्वाची वाटते, कारण तीत पैसा आहे. मिसिसिपीतल्याच क्लीव्हलंड गावी हँडीचा वाद्यवृंद एका नाचाच्या कार्यक्रमात वाजवत होता. कुणीतरी चिठ्ठी पाठवून ‘इथलं’ काही वाजवा म्हणून सांगितलं. हँडीच्या पोरांना ते जमेना. मग गावातलेच तिघे पुढे आले. मोडकी गिटार, मँडोलिन आणि झिजलेला बास घेऊन त्यांनी एकच तुकडा घोळवत ठेवला. लोकांनी त्यांच्या पायाशी चांदीच्या डॉलरांचा पाऊस पाडला. हँडीच्या अख्ख्या वाद्यवृंदाची रात्रभराची बिदागी त्यापुढे फिकी पडली. आपण संगीतकार झालो तो त्या रात्री, असं त्याने पुढे लिहून ठेवलं, आणि कशामुळे झालो हेही लपवलं नाही.

त्यानंतर त्याने जे केलं ते कारकुनी चिकाटीचं काम आहे. मजुरांचं, भिकाऱ्यांचं, फेरीवाल्यांचं गाणं त्याने कागदावर आणलं. चार-चार मात्रांच्या बारा खंडांच्या सांगाड्यात बसवलं आणि वाद्यवृंदाला वाजवता येईल असं लिहून काढलं. १९०९ साली मेम्फिस शहरात महापौरपदाची निवडणूक लागली. एडवर्ड क्रम्प नावाच्या उमेदवाराच्या प्रचारासाठी हँडीचा बँड ठरला. बील स्ट्रीटवरच्या एका गुत्त्यात, सिगारच्या काउंटरवर कागद ठेवून तो लिहीत असे. तिथे ‘मिस्टर क्रम्प’ तयार झालं. क्रम्प हा शहरातला धिंगाणा बंद करायला निघालेला सुधारक, आणि त्याच्याच प्रचारगीताला लोकांनी जोडलेले शब्द असे की तू काहीही बंद कर, आम्ही ऐकणार नाही. क्रम्प निवडून आला. हे गाणं १९१२ साली ‘मेम्फिस ब्लूज’ म्हणून छापलं गेलं आणि हँडीने त्याचे हक्क मूठभर डॉलरांना विकून टाकले. ते तुफान चाललं. पैसा दुसऱ्यांनी केला. हक्क त्याच्याकडे परत आले ते थेट १९४० साली.

ही ठेच लागल्यावर पुढचं गाणं दुसऱ्याला देण्याचा प्रश्नच नव्हता. हॅरी पेस या बँकेत काम केलेल्या मित्राबरोबर त्याने स्वतःची प्रकाशन कंपनी काढली आणि १९१४ मध्ये ‘सेंट लुई ब्लूज’ स्वतः छापलं. उमेदवारीच्या काळात तो सेंट लुई शहरात उपाशी फिरला होता, मिसिसिपीच्या काठी दगडांवर झोपला होता. तिथे रस्त्यात नवऱ्याच्या नावाने बोटं मोडत चाललेली एक बाई त्याने पाहिली होती. ती या गाण्यात आली. कारागिरी मात्र हँडीची आहे. बारा खंडांच्या ब्लूजच्या मध्ये त्याने सोळा खंडांचा एक टँगो घातला, तोही कोमल सुरावटीत. नाचणाऱ्यांचे पाय टँगोवर क्षणभर घुटमळतात आणि मग ब्लूज येऊन त्यांना ओढून नेतो. असला डाव कापूस वेचणारा मजूर खेळला नसता. आणि मजुराचं गाणं कानात नसतं, तर हँडीलाही खेळता आला नसता.

वाद पेटला तो ‘ब्लूजचा जनक’ या बिरुदावरून. १९३८ मध्ये एका रेडिओ कार्यक्रमात हँडीची ओळख जॅझ आणि ब्लूजचा जन्मदाता अशी करून दिली गेली. न्यू ऑर्लीन्सचा पियानोवादक जेली रोल मॉर्टन भडकला आणि त्याने एका संगीत मासिकाकडे लांबलचक पत्र पाठवलं. त्याचं म्हणणं, हँडी चोर आहे आणि जॅझ तर मी स्वतः शोधलं. दुसरा दावा पहिल्याइतकाच फुगवलेला, त्यामुळे पत्राची मजा वाढते. पण मॉर्टनच्या चिडीत तथ्य नव्हतंच असं नाही. ‘लव्हलेस लव्ह’ हे ‘केअरलेस लव्ह’ या लोकगीतावरून आलं, ‘अटलांटा ब्लूज’ हे जमिनीवर अंथरूण मागणाऱ्या एका जुन्या गाण्यावरून, आणि ‘यलो डॉग’मध्ये टटवाइलरच्या त्या अनामिकाचा रेल्वेचा फाटा आहे. हँडीने हे नाकारलं नाही. त्याने लिहिलं, नोंदवलं, छापलं. गाणाऱ्यांना स्टेशनात सोडून गाडी पुढे गेली.

लुईची आणि या गाण्यांची गाठ जुनी होती. १४ जानेवारी १९२५ ला न्यू यॉर्कमध्ये, कोलंबियासाठीच, ब्लूज गायिका बेसी स्मिथने ‘सेंट लुई ब्लूज’ गायलं. साथीला दोनच माणसं, तेवीस वर्षांचा लुई कॉर्नेटवर आणि फ्रेड लाँगशॉ चक्क हार्मोनियमवर. ही तबकडी मराठी कानाने ऐकावी. पेटी लांब, जड सूर धरून ठेवते, हलत नाही. बेसी एक ओळ म्हणते आणि जिथे ती श्वास घेते तिथे कॉर्नेट उत्तर देतं. नाट्यसंगीतात पेटी गायकाच्या मागोमाग पळते; इथे ती जमीन होऊन पडून राहते आणि पळायचं काम पितळेचं. (हीच पेटी पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने आपल्याकडे दाराबाहेर काढली.) साधारण तीन मिनिटांत सगळं आटोपतं, कारण ७८ च्या तबकडीत एका बाजूला मावायचं तेवढंच. लुईने १९२९ मध्ये हे गाणं स्वतःच्या नावावर पुन्हा वाजवलं, पार वेगळं, पळत सुटलेलं. ते संपतं तेही तीन-एक मिनिटांतच.

तीन मिनिटांची ही कोंडी फोडणाऱ्या मंडळींत जॉर्ज अवाकियन होता. रशियात जन्मलेला आर्मेनियन, येलमध्ये शिकायला असतानाच जॅझच्या नादाला लागलेला. १९४० मध्ये, विशीत, त्याने कोलंबियाच्या गोदामातून लुईच्या ‘हॉट फाइव्ह’ या बँडच्या काळातल्या तबकड्या शोधून पुन्हा बाजारात आणल्या. त्यात कधीच प्रसिद्ध न झालेल्या काही निघाल्या. कोलंबियाने १९४८ मध्ये लाँगप्ले आणली, तेव्हा तीत काय भरायचं हे ठरवणाऱ्यांत तो होता. लुई त्या वर्षांत डेका कंपनीकडे बांधलेला होता आणि तिथे त्याच्याकडून मोठ्या वाद्यवृंदापुढची लोकप्रिय गाणी गाऊन घेतली जात. ती वाईट नव्हती. पण आपल्या आवडत्या ट्रम्पेटवाल्याला तारवाद्यांच्या साखरेत बुडवलेलं बघून अवाकियनचा जीव वरखाली होत असणार. करार सुटला तसा त्याने ग्लेझरला गाठलं. हँडीची गाणी ही कल्पना त्याचीच. त्यामागचा हिशेब सरळ होता. लाँगप्लेला एक विषय लागतो, ही गाणी घराघरांत माहीत होती, आणि लुईला ती नव्याने शिकवायची गरज नव्हती. स्वरलिपी त्याने आधी पाठवून दिली. बँडने ती कितपत उघडली असेल, देव जाणे.

लुईबरोबर होते त्याचे ‘ऑल स्टार्स’. ट्रॉम्बोनवर ट्रमी यंग, क्लॅरिनेटवर ड्यूक एलिंग्टनकडे पंधरा वर्षं काढून आलेला, न्यू ऑर्लीन्सचाच बार्नी बिगार्ड, पियानोवर बिली काइल, बासवर आर्व्हेल शॉ, ड्रम्सवर बॅरेट डीम्स. गायला लुई आणि व्हेल्मा मिडलटन. डीम्स गोरा, बाकीचे काळे. गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ मेला, म्हणजे दोनच महिन्यांपूर्वी लागला होता. दक्षिणेतल्या कित्येक गावांत हा बँड एका हॉटेलात उतरू शकत नव्हता. पुढे १९५६ मध्ये लुइझियानाने मिश्र कार्यक्रमांवर कायद्याने बंदी घातली तेव्हा लुईने आपल्या जन्मगावी, न्यू ऑर्लीन्समध्ये, वाजवणंच बंद केलं. १९६५ पर्यंत तो तिथे परतला नाही. त्याला गोऱ्यांपुढे दात काढणारा विदूषक म्हणणारे तरुण वादक आणि समीक्षक हे सोयीने विसरत.

रेकॉर्डवरचं पहिलंच गाणं ‘सेंट लुई ब्लूज’, जवळजवळ नऊ मिनिटांचं. १९२५ च्या तबकडीच्या जवळजवळ तिप्पट. टँगोचा भाग बँड अंगावर घेतो, ट्रम्पेट उंच, स्वच्छ, जराही घाई नाही. लुई तेव्हा बावन्न वर्षांचा आहे. ओठांना पडलेल्या चिरांनी आयुष्यभर छळलेला माणूस. विशीत तो जिथे दहा सूर टाकायचा तिथे आता तीन टाकतो आणि त्यांच्यामधली जागाही वाजते. मग व्हेल्मा येते. समीक्षकांनी या बाईची फार टवाळी केली. तिचं आकारमान, स्टेजवर पाय फाकवून बसकण मारण्याचा तिचा खेळ, सगळ्यावर लिहिलं, गाण्यावर क्वचितच. तिची बेसी स्मिथशी तुलना करू नये हे खरं. पण ‘हेझिटेटिंग ब्लूज’मध्ये ती आणि लुई एकमेकांना जे चिमटे काढतात, त्यात दोन माणसं रोज रात्री एकत्र राबून तयार झालेली सहजता आहे, आणि ती तालमींनी येत नाही. ट्रमी यंगचा ट्रॉम्बोन तर बैल उधळल्यासारखा घुसतो. सभ्य मंडळींना तो आवडला नाही. मला तो नसता तर ही रेकॉर्ड फार सोज्वळ झाली असती असं वाटतं.

‘ओल मिस’ ही मेम्फिसच्या एका वेगवान आगगाडीवरून सुचलेली चाल शब्दांशिवायच धावते. ‘लाँग गॉन’ हे पळून गेलेल्या कैद्याचं गाणं विनोदी अंगाने जातं. ‘मेम्फिस ब्लूज’ला कंसात ‘मिस्टर क्रम्प’ हे मूळ नावही ठेवलं आहे. तो क्रम्प अजून हयात होता आणि मेम्फिसचं राजकारण चार दशकं मुठीत ठेवून बसला होता. रेकॉर्डिंगनंतर तीन महिन्यांनी, १६ ऑक्टोबर १९५४ ला तो गेला. सगळ्यांत मऊ आहे ती ‘शांते ले बा’, लुइझियानाच्या क्रिओल मुलखाची आठवण देणारी. तिथे लुई मुद्दाम काही करत नाही, घरी आल्यासारखा वाजवतो.

अर्थात जे आपण ऐकतो ते खोलीत तसंच्या तसं घडलं नव्हतं. तबकडीवर थेट कोरण्याचा काळ संपून चुंबकीय फीत आली होती आणि अवाकियन हा फितीचा माणूस. एकेका गाण्याचे अनेक प्रयत्न घ्यायचे, एकातली सुरुवात, दुसऱ्यातला शेवट, तिसऱ्यातली लुईची फेक उचलायची. ब्लेडने फीत तिरकी कापायची, चिकटपट्टीने जोडायची. तिरकी अशासाठी की सांधा कानाला टोचू नये. काही ठिकाणी त्याने फितीवर फीत चढवली, त्यामुळे लुई गातो आहे आणि त्याच्या गाण्यामागे लुईच वाजवतो आहे असा प्रकार ऐकू येतो. बेसीच्या श्वासांमध्ये उत्तरं देणारा तो पोरगा आता स्वतःलाच उत्तर देत होता. शुद्धतावाद्यांच्या दृष्टीने ही फसवणूक. लुईला मात्र फितीचं वावडं मुळीच नव्हतं. त्याच्याकडे स्वतःचा टेपरेकॉर्डर होता, दौऱ्यावरही बरोबर असायचा, आणि त्याने घरगुती फितींचा ढीग जमवला. तो आज न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातल्या त्याच्या संग्रहालयात आहे.

लुईची कीर्ती आपल्या किनाऱ्याला आधीच लागली होती. १९२० च्या दशकात शिकागोत एर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात लुईबरोबर वाजवणारा पियानोवादक टेडी वेदरफर्ड तिशीच्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. बार्देशातल्या हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ नावाने ट्रम्पेट वाजवायचा, पांढरा रुमाल आणि खरखरीत आवाजासकट लुईची नक्कल करायचा. मुंबई त्याला इथला लुई आर्मस्ट्राँगच म्हणायची. सी. रामचंद्रांनी त्याला हाताशी धरलं आणि १९५१ मध्ये भगवानदादांच्या ‘अलबेला’त त्याचं पितळ घुमलं. त्या गाण्यांवर नाचणाऱ्या गिरगाव-दादरच्या मराठी पोरांना हँडीचं नाव कुठून माहीत असणार! पण तोंडाला मडकं लावावं तसा ट्रम्पेटचा आवाज कोंडून सोडायची जी तऱ्हा त्यांना आवडायची, ती याच वाटेने आली होती.

हँडी तोवर ऐंशी पार झालेला. डोळे पूर्वीपासूनच अधू. १९४३ मध्ये भुयारी रेल्वेच्या फलाटावरून पडल्यापासून पूर्ण आंधळा. फिती न्यू यॉर्कला आल्यावर अवाकियनने त्या त्याला ऐकवल्या. म्हातारा हेलावून गेला. मला यात एक बारीक गंमत दिसते. हँडीने आयुष्यभर कागदावर भरवसा ठेवला, कारण कागदाने त्याला हक्क दिले. आणि त्याला सगळ्यांत जास्त हलवलं ते कागद बाजूला ठेवून वाजवणाऱ्या माणसाने. दोन वर्षांनी, १४ जुलै १९५६ ला, न्यू यॉर्कच्या ल्युइसन स्टेडियममध्ये लिओनार्ड बर्नस्टाइनच्या संचालनाखाली सिम्फनी ऑर्केस्ट्रासह लुईने ‘सेंट लुई ब्लूज’ वाजवलं. हँडी श्रोत्यांत होता. या प्रसंगाचं चित्रीकरण ‘सॅच्मो द ग्रेट’ या माहितीपटात आहे. गाणं चालू असताना आंधळ्या हँडीने डोळे टिपले ते कॅमेऱ्याने बरोबर पकडलं. ऑर्केस्ट्रा तिथे जरा जडच वाटतो. शिकागोतल्या सहा माणसांना त्याची गरज नव्हती. २८ मार्च १९५८ ला हँडी वारला आणि हार्लेममध्ये त्याच्या अंत्ययात्रेला रस्ते भरून माणसं लोटली.

कोलंबियाशी लुईचं पुढे जमायला हवं होतं. हँडीच्या रेकॉर्डनंतर पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, फॅट्स वॉलरच्या गाण्यांची ‘सॅच प्लेज फॅट्स’ आली, ‘मॅक द नाइफ’ गाजलं. अवाकियनच्या मनात आणखी बरंच होतं, लुईचा गुरू किंग ऑलिव्हर याच्यावरची रेकॉर्डही. पण ग्लेझरला लुईला एका कंपनीच्या दावणीला बांधायचं नव्हतं. मोकळा माल जास्त भाव खातो हा त्याचा धंद्याचा नियम. ऑलिव्हरची गाणी लुईने १९५९ मध्ये वाजवली, ती दुसऱ्याच कंपनीसाठी.

शिकागोच्या त्या तीन दिवसांचं मात्र एक वेगळंच झालं. १९८६ मध्ये ही रेकॉर्ड पहिल्यांदा सीडीवर आली, तेव्हा अवाकियनने कापून-जोडून सिद्ध केलेल्या मूळ फितींऐवजी बाजूला पडलेले प्रयत्न वापरले गेले. वेष्टन तेच, गाण्यांची नावं तीच, पण आत वेगळ्या फेका, वेगळे शेवट. तीस वर्षं ही रेकॉर्ड पाठ असलेल्या लोकांना घरी येऊन लावल्यावर धक्काच बसला. चूक दुरुस्त होऊन मूळ रेकॉर्ड परत आली ती १९९७ मध्ये, आणि तिच्याबरोबर तालमीचे काही तुकडे व हँडीशी अवाकियनने केलेली बातचीतही. जुन्या बाजारात सीडी चाळताना दिसलीच, तर उचलण्याआधी मागच्या बाजूचं साल वाचावं.